कोठीच्या दारातली पिवळी पिशवी

२१ ऑगस्ट १९९६, बुधवार

सात हजार रुपये! दोनदा मोजले. पिवळी पिशवी पलंगावर आहे. वर नारळ, विड्याची पानं, सुपारी, आणि त्याखाली तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा.

आज सुरेंद्रच्या जयश्रीचं लग्न. सख्खा चुलतभाऊ, न जाऊन चालत नाही. शाळेने रजा दिली ती अर्ध्या दिवसाची. अक्षता टाकल्या आणि न जेवता निघाले. सवाष्णीने लग्नघरातून तांबूल घेतल्यावाचून निघू नये, पण दारात तांबुलाच्या पिशव्या वाटायला कोणी नव्हतं. सगळे पंगतीत. तेव्हा कोठीच्या दारातून भागीरथीआत्याने हाक मारली आणि एक पिशवी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "जा लवकर, बस चुकेल."

पिशवी जड होती. म्हटलं, सुरेंद्रने नारळ मोठे घेतलेत. शाळेतून घरी आल्यावर उघडली.

उद्या नेऊन देईन.

२२ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत सुरेंद्रची बायको मंगला शाळेत आली. डोळे सुजलेले. नामदेव सैपाक्याची उरलेली रक्कम हरवली म्हणे. नुसते पैसे कोणाच्या हातावर ठेवायचे नाहीत, विड्यावर ठेवून द्यायचे, ही आमची रीत. म्हणून सुरेंद्रने ते पाहुण्यांच्याच पिशवीसारख्या पिशवीत नारळ-पानांखाली घातले आणि कोठीत 'वेगळे' ठेवले. वेगळे म्हणजे दोनशे पिशव्यांच्या शेजारी. हुशार माणूस! आणि कोठी आत्याच्या राखणीत होती.

मी म्हटलं, अरेरे.

अरेरे! हाच शब्द निघाला तोंडातून. 'माझ्याकडे आहेत' एवढे दोन शब्द नाही निघाले.

२३ ऑगस्ट

हे मराठी अक्षर या घरात कोणाला वाचता येत नाही, म्हणून लिहिते. यांना तमिळ आणि इंग्रजी येतं. लेक विनुता मराठी बोलते तेही अर्धं. मला बालबोध शिकवलं ते भागीरथीआत्यानेच, पाटी पुढ्यात ठेवून, कान पिळून.

आत्या बोलणार नाही. तीस वर्षं झाली तिच्या कपाळाचं कुंकू जाऊन. तिच्या हातचं तांबूल सवाष्णीने घ्यायचं नसतं, लग्नात तर नाहीच. म्हणून तर तिला दाराआड कोठीत बसवली होती. 'मी एक पिशवी स्वतः दिली' म्हणायचं तर आधी तेच कबूल करावं लागेल. उद्या जयश्रीच्या संसारात काही उणं झालं की बोट तिच्याकडे.

तिने एकच पिशवी दिली. मला. म्हणजे तिला ठाऊक आहे.

आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे.

२७ ऑगस्ट

गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली. हे दिवसभर ओसरीवर बसतात. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक मोपेडचा नंबर पाठ झाला असेल. आज विनुताने कॉम्प्युटर क्लासचा कागद आणला. फी सहा हजार चारशे, शेवटची तारीख एकतीस. काही मागितलं नाही पोरीने. कागद रेडिओखाली ठेवला आणि भांडी घासायला गेली. भांडून मागितले असते तर बरं झालं असतं.

३० ऑगस्ट

भरले.

यांना सांगितलं, शाळेच्या सोसायटीचं कर्ज काढलं. मान हलवली त्यांनी. कर्ज कसं फेडणार हेही विचारलं नाही.

१ सप्टेंबर, रविवार

गणिताच्या तासाला मुलींना नेहमी सांगते — उत्तर चुकलं तर एकेक पायरी मागे जा, चूक सापडते. आज मीच मागे जाऊन पाहिलं. मी मागितले नाहीत. उचलले नाहीत. हातात दिले, घेतले. तिरुवैयारूच्या शेतातला आमचा वाटा सुरेंद्रने बाबा गेल्यावर दहा हजारांत पदरात पाडून घेतला, आज त्याचे लाख येतील. म्हणजे हे आमचेच. पायरी न् पायरी बरोबर. आणि खाली उत्तर येतं — चोरी!

८ सप्टेंबर

आत्याने बांगड्या विकल्या. दोनच होत्या. मंगला सांगत होती, आणि सांगताना तिला जरा बरं वाटत होतं असं मला वाटलं. आत्या म्हणाली म्हणे, माझ्या राखणीत गेले, मीच भरीन. सुरेंद्रने नको म्हटलं, एकदाच. मग घेतले. नामदेवचे पैसे भागले. कोठीची किल्ली आत्याच्या कमरेची काढून मंगलाच्या कमरेला गेली.

मी तिथे बसून त्यांची कॉफी प्यायले.

१५ सप्टेंबर

ठरवलं. दर महिन्याला पाचशे, नाव न घालता, मनीऑर्डरने आत्याला. चौदा महिन्यांत फिटेल.

२ ऑक्टोबर

पगार झाला. यांचा चष्मा, दूधवाला, घरभाडं. मनीऑर्डर पुढच्या महिन्यात.

विनुता क्लासहून येताना राजवाड्याच्या बाजूने येते, सुरेंद्रच्या घरी आत्याकडे थांबते. रोज. बोटं पांढरी करून येते, क्लासात फळ्यावर लिहायला लावतात वाटतं. आजीकडे काय करतेस विचारलं तर म्हणते, गोष्टी ऐकते. कुठली गोष्ट?

१६ ऑक्टोबर

नवरात्र. सुरेंद्रकडे गोलू बघायला जावंच लागलं. मंगलाने बाहुल्या नऊ पायऱ्यांवर मांडल्यात. सगळ्या सवाष्णींना तांबूल दिलं, मलाही. पिवळी पिशवी! हात पुढे होईना माझा. मंगला हसून म्हणाली, घ्या हो, यात काही नाही.

मग मागे गेले, आत्याकडे. सांगायचं ठरवूनच गेले होते. ती चुलीपाशी सुंडलाच्या उसळीसाठी भिजवलेले हरभरे निवडत बसली होती. मनगटं उघडी. बांगड्या होत्या तिथे कातडी अजून फिकी आहे. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी —"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुजला तांबूल दिलें तें कोणास सांगूं नको. तीस वर्षांनीं एका सवाष्णीचे हातीं दिलें. परत मागायचें नसतें तें."

मी रडले नाही. रडायला तोंड कुठे होतं? खरं लिहायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग घरी येईपर्यंत स्वतःची किळस.

२१ ऑक्टोबर

दसरा. मनात एक नवीनच युक्तिवाद — तिनेच दिले म्हणाली, मग ते दानच झालं. वा! सात हजारांची चूक आणि दोन बांगड्यांचं दान. माझ्यासारखी हिशेबी बाई शोधून सापडणार नाही.

९ नोव्हेंबर

दिवाळीचा बोनस आला. आत्याला सुती साडी नेली, एकशे ऐंशीची. तिने पदर डोळ्यांना लावून घेतली. विनुता आजीच्या शेजारी बसली होती, मला बघून काहीतरी मागे लपवलं. दोघी हसल्या.

किती दिवसांनी आत्या हसली! माझंही मन जरा हलकं झालं. विनुता क्लासात पहिली आली आहे. सर म्हणाले, हिला मद्रासला सहज नोकरी मिळेल. वाटतं, पैसे वाईट वाटेने आले खरे, पण जागी लागले. हे पानसुद्धा कोणी वाचणार नाही. माझ्याबरोबर जाईल. आता पुरे हा विषय.

२४ नोव्हेंबर

आई, वाढदिवसाचा नमस्कार.

ही ओळ मी विनुता लिहिते. भागीरथीआजी दोन महिने मला अक्षर शिकवते. पाटीवर. तुझ्या वहीत लिहून तुला चकित करायचं होतं. म्हणून वही गुरुवारीच काढली. मग मागची पानं वाचली. अजून भरभर येत नाही वाचायला. तीन दिवस लागले.

क्लासला मी आता जात नाही. आजीकडे पण जात नाही.

पाटी आजीची आहे. परत द्यायची आहे. तू जा.