ती उठते तेव्हा खोलीत कोणीच नसतं

प्रिय बारक्या,

तुझ्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाची पटकथा वाचून काढली. फक्त शास्त्र तपास, बाकी नाक खुपसू नकोस, असं बजावलं होतंस, म्हणून आधी शास्त्र. पहिल्या भागाच्या शेवटी तुझी वैमानिक बाई यानात बर्फगार होऊन पडली, हृदय बंद, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ हुंदके द्यायला लागला. आता दुसऱ्या भागात तीच बाई टुणकन उठते, केस जागच्या जागी, आणि थेट यान चालवायला बसते! अरे, जरा तरी लाज बाळग. गारठलेल्या माणसाला हळूहळूच ऊब द्यावी लागते, घाई केली की मेंदूला इजा होते. उठल्यावर घशात नळी असते, तोंडातून शब्द फुटत नाही, अंग थाडथाड उडतं. तुझी बाई मात्र चक्क भाषण ठोकते.

बाकी कल्पना अगदीच हवेतली नाही. वर्षानुवर्षं नाही, पण थोडा वेळ असं करता येतं. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात तेव्हा रक्त फिरवणारं यंत्र चालवणं हेच तर माझं काम. क्वचित रोग्याला खूप गार करून तेही यंत्र बंद करावं लागतं. मग अंगात काहीच फिरत नाही आणि आमच्यातलं कोणी बोलत नाही. त्या शांततेत मी आजवर खुशाल उभी राहिले. या वेळी तुझं पहिलं पान वाचतानाच पटकथा दोनदा मिटून ठेवली.

लहानपणी टीव्हीवर परग्रहावरचे राक्षस आले की तू माझ्या पांघरुणात घुसायचास. मग मी तुला सांगायचे, तो रबराचा आहे, ते रक्त रंगाचं आहे, इतक्या लांबून कोणी येऊच शकत नाही. सगळं खोटं निघालं की तू गाढ झोपायचास. बारक्या, मला आता तसं सांगणारं कोणी नाही. पाठ दुखते म्हणून तपासून घेतलं, तर छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. तो फुटायच्या आत काढायला हवा. आमच्याच डॉक्टरबाई काढणार आहेत, मला तसंच गार करून. यंत्रावर माझ्या जागी माझी कामावरची जोडीदारीण असेल. तिच्यावर मी रोज खेकसते, सध्या मात्र फार गोड बोलते. मी घाबरले आहे रे. मरणाला त्या मानाने कमी, अर्धवट उठण्याला जास्त. डोळे उघडतील, समोर तू असशील आणि हा कोण ते मला कळणार नाही.

आता नाक खुपसते. शास्त्राच्या चुका प्रेक्षक पोटात घालतील, पण कथेतली ही चूक नाही घालणार. ती उठते तेव्हा खोलीत कोणीच नसतं. मग तिला ऊब दिली कोणी? यंत्र बंद कोणी केलं? गार झालेलं माणूस आपोआप उठत नाही, शेजारी कोणीतरी असावंच लागतं. दवाखान्याच्या नुसत्या वासाने तुला भोवळ येते, हे मला ठाऊक आहे. बाबांच्या वेळी तू दारातच आडवा झालास आणि नर्स त्यांना सोडून तुझ्यामागे धावली. तरी ये. गुरुवारी ऑपरेशन आहे. मला बोलता येणार नाही, तेव्हा काही विचारू नकोस, नुसता हात धर. ओळखलं तर मी तुझं बोट दाबीन. नाही दाबलं, तर लगेच उठून जाऊ नकोस. ऊब यायला वेळ लागतो.

तुझीच,
पांघरुणातली ताई