नणंदेचं नाव

प्रिय ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तुझ्या घरी आलेलं पत्र आधी सासूबाई फोडतात.

काल तुझ्या नणंदेने, म्हणजे माझ्याच वर्गातल्या त्या बाईसाहेबांनी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत उरलेलं ॲसिड फिनेलच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली बेसिनखाली ठेवून दिली. मी म्हटलं, "अगं, कुणी उघडली तर?"

ती हसली. "तुला ना, नसतं काहीतरी सुचतं. चल."

मी गेले तिच्याबरोबर. पण जेवतानासुद्धा फरशी पुसणाऱ्या मावशींचे हात डोळ्यांपुढून हलेनात. आज सकाळी धावत गेले, तर मावशी झाकण उघडत होत्या. मी ओरडले. त्या दचकल्या आणि मनगटावर थेंब उडाले. नळाखाली हात धरून त्या मलाच म्हणाल्या, "रडू नकोस पोरी, थोडक्यात निभावलं."

सरांनी वर्गात विचारलं, "कोणी केलं हे?" ती माझ्याकडे बघत होती. मला सासूबाईंचे टोमणे ऐकू येत होते, भावजींचा अबोला दिसत होता. तेवढ्यात सर मावशींवरच घसरले, "बाटली बघून घ्यायला काय झालं होतं?"

मी नाव सांगितलं.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता वहिनीने निस्तरावं."

तू रागावलीस तर ऐकून घेईन गं. पण फोन सासूबाईंनी उचलला आणि म्हणाल्या, "ती तुझ्याशी बोलणार नाही," तर ते तुझं म्हणणं की त्यांचं, हे मला कसं कळणार?

तुझीच,
भित्री धाकटी