फोनमदल्या बाया आन् जावयाचे अनारसे

१९ मे, मंगळवार
धोंड्याचा महिना लागला, नातजावयाला जेवायचं आवतन गेलं, आन् जावई म्हनतो सुट्टी न्हाई! लग्नानंतरचा पयला धोंडा. तीन वर्सांतून एकदा येतो हा महिना, त्याच्या सायबाला कुनी सांगावं? अनारशाचं पीठ तयार हाय. खानार कोन, मी? दात कुठंयत.
रागात वर श्री लिहायचं ऱ्हायलं. श्री.
नात अश्विनी (फुडं नुसतं अ. लिहिते, नाव लांब हाय) मागल्या आठवड्यापासून हितं उमापुरात येऊन बसली. जावई मोठ्या दवाखान्यात सर्जन व्हायचं शिकतो. एकदा डॉक्टर झाला, आता परत शिकतो. किती शिकावं मानसानं. अ. म्हनते, "आजी, मी परत जानार न्हाई. त्यो घरी येतो, झोपतो, उठतो, जातो. मी भिंतीसंगं बोलते." म्हनलं, भिंत उलटून तरी बोलत न्हाई. हसली न्हाई.
जानार न्हाई म्हनते, पर बॅग उघडली न्हाई अजून. आईच्या जुन्या साड्या नेसून हिंडते.

२१ मे, गुरुवार
अ. फोनवर हसली. दाराआड उभी ऱ्हाऊन ऐकलं. ऐकलं तर ऐकलं, घर माजं हाय.
फोनात बाया! जावयाच्याच दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या घरच्यांचा ग्रुप म्हनं. कुनी ह्या गावची, कुनी त्या. रडगानं सगळ्यांचं एकच. एक म्हनली, "माझा नवरा बूट घालूनच झोपतो." दुसरी म्हनली, "माझा तोंडात घास ठेवून झोपला काल." अ. ताडकन उठून बसली. "आजी, त्यो मला कटाळला न्हाई गं! समदेच असे हायत!" तोंड असं उजळलं पोरीचं. दोन भाकरी खाल्ल्या.
त्या बायांत एक बाप्या बी हाय. बीडचा इम्रान, फळवाला. बायको डॉक्टरकी शिकती. म्हनलं, हा कावून बायांत? अ. म्हनली, "त्याचं बी तेच दुखनं हाय." आसंल.

२४ मे, रविवार
परळीचा नळ आठवला आज. आमचे मालक तिथल्या वीज कारखान्यात, रातपाळीला. सकाळी राखेनं माखून यायचे, आन् जे आडवे व्हायचे. आमी समद्या रातपाळीवाल्यांच्या बाया नळावर जमायचो. घागर भरली तरी कुनी उठत नव्हतं. नवऱ्यांना शिव्या घालायच्या, हसायचं, मग घरी जाऊन त्याच नवऱ्याला भाकरी थापायची. त्या नळानंच मला परळीत टिकवलं, मालकांनी न्हाई. हा फोन म्हंजे नळच की. नुसतं पानी न्हाई.
सुनंला, अ.च्या आईला, सांगून टाकलं, फोनपायी पोरीला रागवायचं न्हाई.
सून: "आत्या, लोक काय म्हनतील? नांदायचं सोडून..."
लोकांना अनारसे देऊ नको म्हनलं.

२६ मे, मंगळवार
आज मी बोलले!! अ.चे हात पिठात होते. तिकडून पूजा नावाची लातूरकडची पोरगी रडत होती. रोज वाट बघते, ताट गार होतं, नवरा येतो आन् न जेवता झोपतो. मी अ.ला म्हनलं, दाब ते बटन. कोपरानं दाबलं तिनं.
"ये पोरी, आदी तू जेव. उपाशीपोटी राग लई येतो. त्याचं झाकून ठेव. आन् झोपलेल्याला हलवून 'मी आवडते का' इचारू नको, उठल्यावर इचार."
लगेच आवाजावर आवाज. "आजी, अजून बोला!" "आजी, आमच्या ह्यांना बी रागवा!" इतक्या जनींनी माजं कवा ऐकलं? घरात तिघं हायत, एक ऐकत न्हाई.
मग इचारलं, तुमच्या नवऱ्यांना कुनी धोंडे घातले का? एकाला बी न्हाई! समदे जावई उपाशी.
इम्रान म्हनला, "दादी, गुरुवारी माझा टेम्पो आंबे घेऊन त्याच दवाखान्याच्या गावाला जातो. बायको तिथंच शिकती. डबा द्या, ती वाटील सगळ्यांत."
सून अडली. "जावयाचं वान दुसऱ्याच्या पोटात?" मी बी जरा अडले, खोटं कावून लिहू. मग म्हनलं, तेहतीस जावयाचे बाजूला काढ, आन् वर अजून घाने काढ.

२८ मे, गुरुवार
धोंडे उन्हात आंबले असते म्हनून नुसते अनारसे. सकाळपासून तूप, खसखस, भांडनं. जाळी लई झ्याक पडली.
गेवराईच्या फाट्यावर मी सोता गेले अ.संगं. इम्रान पोरगेलासाच हाय. डबा घेतला आन् म्हनला, "दादी, मला कुनी धोंड्याला बोलावलं न्हाई कधी."
"आता बोलावलं. खा."
टेम्पोपाशी उभ्यानंच खाल्ला. आंबे दिले त्यानं. घेतले.
येताना अ. गानं म्हनत होती. वाईट म्हनते, पर म्हनू दिलं.

३० मे, शनिवार
फोटू आला! इम्रानच्या बायकोनं काढलाय. दवाखान्याच्या जिन्यात रांगेनं बसलेत समदे, अनारसे खातेत. आमचा जावई भिंतीला टेकून झोपलेला, हातात अर्धा अनारसा! ग्रुपात हसून हसून बेजार बाया. अ. पन हसली. मग लई येळ बघत ऱ्हायली. "बारीक झालाय," म्हनली.
दुपारी त्याचा आवाज आला. "अश्विनी, अनारसे भेटले. उद्या अर्धा दिवस सुट्टी मिळालीय. मी तिकडं येऊ, का तू इकडं येतीस? का..." आन् तिथंच तुटलं. झोपला का बोलाय घाबरला, कुनाला ठावं.
अ. नं तीनदा लावून ऐकलं.
सून म्हनते, सांग येते म्हनून. लेक म्हनतो, त्यालाच येऊ दे, आपन कावून जायचं? ग्रुपातल्या बायांचं येगळंच. सुनंनं तर बटन दाबाया हात घातला, मी फोन वडून घेतला. बॅग दारापाशी हाय, चेन लावलेली, आली तशीच.
फोन धान्याच्या कोठीवर ठेवलाय. सुनंनं, लेकानं, त्या बायांनी, कुनी बी तोंड उघडायचं न्हाई. मी बी न्हाई. जबाब अश्विनीनंच द्यायचा.