पलीकडच्या खोलीतलं रडणं

सोमवार, ३ तारीख

पंचावन्न मिनिटं! घड्याळाकडे बघतच होते मी. चिऊ भिंतीपलीकडे पंचावन्न मिनिटं रडली आणि मी अलीकडे बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या एप्रनना गाठी मारत होते. नऊ वर्षं या पाळणाघरात ताई म्हणून काम करतेय. किती आयांना ऐकवलं असेल — "पापा घ्या, टाटा करा, मागे वळून बघू नका. दहा मिनिटांत खेळायला लागतात." दहा मिनिटांत! आज स्वतःच्या तीन वर्षांच्या लेकीला छोट्या गटात सोडलं आणि सगळी अक्कल हवेत उडाली.

आईनं आपल्या मुलाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा इथला नियम. तो लिहून काढला होता कुणी? मीच. भोगा आता.

मंगळवार, ४

पुन्हा तेच.

बुधवार, ५

चिऊ छोट्या गटाच्या ताईंना चावली. ताईंनी बाही वर करून दाखवलं — दातांचे ठसे, अगदी गोल. "काही नाही हो, होतं असं," म्हणाल्या. चेहरा मात्र वेगळंच सांगत होता. माझी लेक चावरी!

घरी नवऱ्याला सांगितलं. हा म्हणतो, "यातलं तुलाच जास्त कळतं." म्हटलं, मग एक दिवस तू सोड. तर म्हणे मीटिंग आहे. त्याला रोज सकाळी मीटिंग असते.

शुक्रवार, ७

नवऱ्यानं सोडलं. तरी रडली. संध्याकाळी आईचा फोन — "एवढ्यात कशाला घातलीस तिला? तू चार वर्षांची होईपर्यंत माझं बोट सोडलं नव्हतंस." हो, आणि तुला साडेसातला कामावर पोचायचं नव्हतं! म्हटलं नाही. फोन ठेवला आणि भांडी आपटत घासली. एका कपाचा कान गेला.

सोमवार, १०

आता नवीनच तऱ्हा. आज सकाळी बरी होती. गोष्टीची वेळ झाली, मी माझ्या वीस पोरांना गोल बसवलं, अस्वलाचा आवाज काढला — आणि पलीकडे भोंगा सुरू! इथे अस्वल, तिथे भोंगा. माझ्या गटातला गोबऱ्या म्हणाला, "ताई, ती रडकी परत रडली!" सगळी खदाखदा हसली. मी खेकसले त्याच्यावर. चार वर्षांचं पोर ते! त्याचा ओठ थरथरायला लागला. मग मांडीवर घेऊन "नाही रे पिल्लू" म्हणत समजूत काढली, तर पलीकडचा आवाज आणखीच चढला.

गोष्ट अर्धीच राहिली. गोष्टी सांगणं हे या कामातलं एकच काम मी पगाराशिवायही केलं असतं.

बुधवार, १२

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. "बसा" म्हणाल्या. त्या सहसा उभ्याउभ्याच बोलतात. "पालक विचारायला लागलेत, एवढं कोण रडतं म्हणून. या आठवड्यात नाही जमलं तर तिच्यासाठी दुसरीकडे बघा." दुसरीकडे कुठे? जवळचं दुसरं पाळणाघर साडेआठला उघडतं. मधला तासभर पोरीला काय खिशात ठेवू?

घरी येऊन चिऊवर ओरडले. "काय हवंय तुला? सांग ना! काय?" ती सोफ्याच्या मागे जाऊन बसली. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

हे पान फाडावंसं वाटतंय. नको, असू दे.

गुरुवार, १३

आज मला दिवसभर दुसऱ्या शाखेत धाडलं, प्रशिक्षणाला. जीव टांगणीला. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. सुटल्यावर पळत आले, तर ताई दारातच हसत उभ्या — "एकदाही रडली नाही! जेवली, झोपली, वाळूत खेळली!"

मला आनंद व्हायला हवा होता. "अरे वा!" म्हटलंसुद्धा. पण रस्ताभर तेच घोळत राहिलं. म्हणजे मी इमारतीत नसले की सगळं छान! तीन वर्षं कडेवर घेऊन फिरले, आणि आता मीच नको आहे तिला.

शुक्रवार, १४

सकाळी बूट घालताना विचारलं, काल का नाही रडलीस गं? बुटाचा पट्टा चरचर उघडत-लावत चिऊ म्हणाली, "काल तू तिकडे नव्हतीस. तू त्या सगळ्यांना पिल्लू म्हणतेस. मला ऐकू येतं. पिल्लू मी आहे."

पोचल्याबरोबर आधी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, माझा गट दुसऱ्या कुणाला द्या. मला वर तान्ह्यांकडे पाठवा. तिथला आवाज खाली येत नाही.