शून्य डिझेल

३ ऑगस्ट १९९९, अंबड
आले एकदाची! जाफराबादहून दोन एसट्या बदलल्या, अंग नुसतं आंबून गेलं, पण नोकरी झकास आहे. रामराव मालकांच्या गॅरेजात पेट्रोल मोटारींना जुनी डिझेल इंजिनं बसवतात. मालकांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतलाय. त्यात मापं भरली की इंजिन पडद्यावर चालतं: वेग, ताकद, डिझेल, आत ओढलेली हवा, सगळ्याचे आकडे दिसतात. अख्ख्या गॅरेजात ते मला एकटीलाच येतं, त्यामुळे सध्या माझा रुबाब विचारू नका.

९ ऑगस्ट
भुजंगमामा इथले थोरले मिस्त्री. ते म्हणाले, झिजलेलं इंजिन स्वतःचंच ऑइल जाळायला लागतं. मग डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, सुसाट सुटतं. अशा वेळी हवेच्या तोंडावर गोणपाट दाबून त्याचा श्वास कोंडायचा. मी म्हटलं, पडद्यावर असलं काही होत नाही. मामा हसले.

१७ ऑगस्ट
गिऱ्हाईक दारात, मालकांची घाई. इंजिन उघडून झीज मोजायला दिवस गेला असता. मी सरळ कोऱ्या, न झिजलेल्या इंजिनाची मापं भरली. आलेख सुरेख आला. मामा म्हणाले, "ताई, हे ऑइल पिऊन राह्यलंय. एकदा उघडून बघू." मी आलेखाचा छापील कागद त्यांच्या हातात दिला, वर चेष्टाही केली. "कॉम्प्युटर म्हणतो, मंग बराबरच असंल," म्हणाले.

१८ ऑगस्ट
इंजिन सुटलं. मामांनी डिझेल तोडलं, गोणपाट दाबलं. इंजिन फुटलं. मामा जागीच गेले.

२० ऑगस्ट
मालकांनी पढवला तसा जबाब दिला: मिस्त्रीची चूक. मामांच्या बायकोनं, आसराबाईंनी, मला विचारलं, यांनी जन्मात कधी अशी गलती केली न्हाई, मंग आत्ताच कशी? स्वतःची किळस येते.

२६ ऑगस्ट
तसलंच दुसरं इंजिन आलंय. मालक म्हणाले, मापं तीच भरा. भरली. कागद छापून शेडमध्ये दिला. मग पडद्यावर डिझेल शून्य केलं. इंजिन थांबेना. हवेचा आकडा शून्यावर आला, थरथरला, चढला. पुन्हा शून्य. कुणीतरी तोंड दाबून धरतंय आणि हात निसटतोय.

२७ ऑगस्ट
प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. तेच. प्रिंटर आपणहून चालू — हवा शून्य, हवा शून्य — मामा अजून दाबून धरतायत. माझ्या आकड्यावर —

२८ ऑगस्ट, सकाळी अकरा
मामांच्या फुटलेल्या इंजिनाची झीज मोजली. ती भरली. पडद्यानं लगेच दाखवलं, असलं इंजिन सुटणारच. हवा मात्र एकदाही शून्यावर आली नाही. मामांना एवढंच हवं होतं, खरी मापं.
शेडमध्ये संपत मिस्त्री दुसरं इंजिन चालू करतोय. माझा परवाचा कागद बघून. सांगायला हवं. पण सांगितलं तर मामांचंही बाहेर येणार — पोलीस — माझं नाव —
सुटलं. आवाज चढतोय. खिडकीतून संपत दिसतोय, गोणपाट घेऊन निघालाय. एक हाक मारली तर बाजूला होईल. एकच हाक.
पडद्यावर हवा शून्य — चढली — शून्य — आणि मी अजून लिहीतच बसले — उठ ना, उठ —