वापरणारी व्यक्ती : आजी

३ फेब्रुवारी, सोमवार

वहीबाई, परवा काय सांगितलं होतं मी? आठवतंय? नाही ना! पोटात एवढी पानं, पण कुणी उघडल्याशिवाय तुला काही आठवायचं नाही. माझं बरं – अक्षर येत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वी कोण काय बोललं ते तोंडपाठ.

तर परत सांगते. मी बोलणार, नात लिहिणार. नववीत आहे. तिला बजावलंय – बोलते तस्सं लिही, साखर घालू नकोस. मान डोलावलीये. बघू.

शाळेत तिचा डिझाइनचा तास असतो. करवत, कानस, ड्रिल, सगळं मुलंच हाताळतात. आता परीक्षेसाठी घरातल्या कुणाची तरी अडचण शोधायची आणि त्यावर वस्तू करायची. हिनं माझी बोटं शोधली! सांधे सुजलेत, मुरंब्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही – साऱ्या वर्गाला कळलं. छान!

४ फेब्रुवारी

वस्तू आली. लाकडी फळी, तिला आत निमुळती होत जाणारी खाच, खाचेच्या कडांना सायकलच्या ट्यूबचं रबर. भिंतीवरच्या कपाटाच्या तळाला स्क्रूनं बसवली. झाकण खाचेत सारायचं, अडकलं की दोन्ही तळव्यांनी बरणी फिरवायची. बोटांना कामच नाही. डोकं आहे पोरीला.

पण बसवली कुठं? सुनेच्या खांद्याच्या उंचीवर! मी काय शिडी लावू?

"आजी, माप घ्यायला आले तेव्हा तू झोपली होतीस."

झोपले म्हणून काय झालं! आडवं मोजायचं होतंस, उभी केल्यावर मी काही बदलत नाही.

६ फेब्रुवारी

फळी ओट्याच्या कडेखाली आली. चमचा पडला, वाकले, उठताना फळीचा कोपरा कपाळात! टेंगूळ. लिही – टेंगूळ.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल पोरगी दोन तास कोपरे घासत बसली होती. आधी कानस, मग पॉलिशपेपर. गाल लावून बघावा इतके मऊ केलेत. लहान झाकण निसटत होतं, म्हणून खाच आणखी आत कापली.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. मुरंब्याची बरणी उघडली. मी. एकटीनं! तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाला हाक मारावी लागली नाही. बोटानं चाटला, दोनदा. वही, सुनेपाशी बोलू नकोस.

१० फेब्रुवारी

समजतो कोण स्वतःला!

पोरगी रडत आली. वस्तूबरोबर काही पानं द्यायची असतात – वर छापलेलं, 'वापरणारी व्यक्ती', खाली तिचं रोजचं म्हणणं. हिनं लिहिलं 'आजी', मी अंगठा उठवला. डिझाइनचे सर म्हणाले, "अक्षर तुझं, सही नाही, अंगठा काय कुणाचाही असेल. ही आजी खरंच आहे का?"

आहे का! दोन मुलं वाढवली, नवऱ्याला शेवटपर्यंत उचलून बसवलं, आणि आता कागदावर अक्षर नाही म्हणून मी नाहीच!

पानं खोटी ठरली तर वस्तू अर्धवट धरणार. अर्धवट धरली तर पुढच्या वर्षी हा विषय मिळणार नाही. "मला दुसरं काही करायचंच नाहीये गं, आजी." नाक पुसत पुसत लिहितेय बिचारी.

कानावर पेन्सिल खोचून फिरतात म्हणे हे सर. पेन्सिल कानावर आणि डोक्यात भुसा! "आजी, हे नको ना." लिही. भुसा. लाकडाचा.

११ फेब्रुवारी

उद्या शाळेत जाणार. सून म्हणाली, "आई, तुमचे गुडघे..." गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस? अपमान अख्ख्या माणसाचा झालाय.

नातीला म्हटलं, जाण्याआधी सरांना काय दिलंस ते वाच तरी. वाचलं. 'वस्तू अतिशय उपयुक्त आहे. मला फार आवडली. धन्यवाद.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच!

"शिडी कुठंय? टेंगूळ कुठंय?"

"गुण कापले असते. आणि तू किती बोलली होतीस मला!"

अगं, ही कुठली सालस म्हातारी? हिला तर मीही ओळखत नाही! सरांनी कशी ओळखावी?

हे शेवटचं खोड. खोडलंस? तरी सर चुकलेच. घर दोन गल्ल्या सोडून आहे, येऊन विचारायचं होतं.

१२ फेब्रुवारी

गेले. वही घेऊनच गेले.

लांबलचक खोली, भिंतीवर हत्यारं ओळीनं टांगलेली, प्रत्येकाच्या मागे त्याचाच आकार रंगवलेला. एक जरी जागेवर नसलं तरी लगेच दिसावं. हे मात्र आवडलं.

वही बाकावर आपटली. "वाचा. ही मी."

सर उभ्यानं वाचू लागले. शिडीपाशी हसले. टेंगुळापाशी थांबून माझ्या कपाळाकडे बघितलं. निळं आहे अजून. मग पान उलटलं. अरे देवा – ते पान! सरांनी कानावरची पेन्सिल हळूच काढून खिशात ठेवली. नात बाकाखाली शिरायच्या बेतात.

"हे का नाही दिलंस?" तिला म्हणाले. "इथं चूक दिसते, चूक कशी दुरुस्त केलीस ते दिसतं. मला हेच तर हवं होतं."

"आणि मला माफी हवीय," मी म्हटलं.

सरांनी वही मिटली.

"चुकलं माझं, आजी. आधी विचारायला हवं होतं." पण लगेच पुढे – "आता वस्तू माझ्यासमोर वापरून दाखवा, नोंद मी करतो. तोवर पानं बाजूला." म्हणजे अजूनही भरवसा नाहीच! उद्या तीन बरण्या घेऊन जाते. बघाच म्हणावं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वहीबाई, अक्षर बदललंय, दचकू नकोस. आज सर लिहितायत. साखर न घालता.

दोन बरण्या उघडल्या, तिसरी निसटली. लिहा, सर – निसटली. वहीतली पानं खरी धरली. पुढच्या वर्षी पोरगी इथंच. आणि दर गुरुवारी मीही – बाकीच्या मुलांच्या वस्तूंना नावं ठेवायला. त्यांच्या घरची माणसं फार गोड बोलतात म्हणे.

पोरी, घरी गेलीस की आईला सांग : पुढच्या गुरुवारी मुरंब्याची मोठी बरणी पाठव. झाकण दातओठ खाऊन लाव म्हणावं. फळी नाही वापरायची, सर नुसत्या हातांनी उघडणार आहेत.