डावीकडची सीट

४ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आपली पिकअप, म्हणजे तुमची म्हातारी, परवा वर्कशॉपात सुखरूप पोचली. घाट उतरताना इंजिन तापले नाही, ब्रेक नीट लागले, फक्त उजवे दार वाटेत आपोआप उघडत होते, असे उस्तादांचा ड्रायव्हर म्हणाला. तो हसत होता. मला हसू आले नाही. तुम्ही इतकी वर्षे कोपराने दार दाबून धरून गाडी चालवत होता, हे माझ्या लक्षात कसे आले नाही?

आज सकाळी सीट उचलली. उस्ताद म्हणाले, सीट कसली, फळीच आहे, वर रेक्झिन आहे म्हणून सीट म्हणायचे. खाली तुमच्या रोपवाटिकेची माती, सुकी पाने आणि चष्म्याची एक काडी मिळाली. मागच्या कोपऱ्यात पत्र्याला भोक पडून उजेड येतो, तिथे बोटभर उंचीचे एक रोप उगवलेले होते. कशाचे ते ओळखता येत नाही. ते दर आठवड्याला गाडीबरोबर डोंगर उतरत होते आणि परत चढत होते. जग हलतेच असते अशी त्याची समजूत असावी. मी ते डब्यात लावले आहे. आता सगळे स्थिर आहे म्हणून ते जरा गोंधळल्यासारखे दिसते.

मुद्द्याचे असे, की डॉक्टर तुमच्या कमरेविषयी जे बोलले ते मी विसरलेलो नाही. एक तर सीट बदला, नाही तर ड्रायव्हर बदला. दर रविवारी गाडी रोपे घेऊन बाजारात उतरली नाही तर रोपवाटिका बंद पडेल, हेही मला कळते. म्हणून सीट अशी करायची आहे, की कमरेला धक्का जाणवू नये. शिवाय पॉवर स्टेअरिंग, एसी, मागचे दाखवणारा कॅमेरा, बटणाने वरखाली होणाऱ्या काचा, आणि आवाज अडवण्यासाठी दारांत व पायाखाली जाड नमदा. मामींना तुमची मापे घ्यायला सांगावे. खुर्चीत बसून गुडघ्यापर्यंत, मानेपर्यंत आणि कमरेच्या खळग्यापर्यंत. टेपने, वितीने नको.

‘स्टेअरिंग’ हा शब्द शब्दकोशात सापडला नाही. चुकला असल्यास क्षमा असावी.

लोभ आहेच, वाढवायला जागा असेल तर वाढवावा.

आपला भाचा


९ नोव्हेंबर

चि. मास्तर यास,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक तुझ्या शुद्धलेखनाला.

नववीत शाळा सोडलेल्या पोराचं पत्र इतकं स्वच्छ, की वाचायच्या आधी मी हात धुतो. पण ते ‘सा. न. वि. वि.’ दिसलं की कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी नुसतं ‘मामा’ लिही.

मापं झाली. मी खुर्चीत बसलो आणि मामी शिंप्यासारखी माझ्याभोवती फिरली. म्हणाली, लग्न ठरवताना एवढं नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आकडे सोबतच्या चिठ्ठीवर आहेत.

एसी नको. काच खाली केली की डोंगराचा वारा फुकट येतो. तो नमदाही नको. मी गिअर कानाने टाकतो. ती घरघरली की दुसरा, गुणगुणली की तिसरा. गाडीत ती बोलते आणि मी ऐकतो. घरात मामी बोलते आणि मी ऐकत नाही. असं सगळं नीट बसलेलं आहे.

आणि ड्रायव्हर बदलायचं म्हणशील, तर तुझं लायसन्स दोन वर्षं पाकिटात झोपलंय. घाट म्हटला की तुझे तळवे ओले होतात हे मला माहीत आहे, म्हणून मी तो विषय काढत नाही. आत्ता निघाला, तो निघाला.

तुझा मामा

ता. क. ही ओळ मामीची. एसी बसव, नमदाही बसव. त्यांचं ऐकू नकोस. बाजारातून आले की संध्याकाळभर ‘काय? काय?’ करत असतात.


२३ नोव्हेंबर

ती. मामा,
(नुसते ‘मामा’ लिहायला हात धजत नाही, म्हणून ‘ती.’ राहू दिले आहे.) नमस्कार.

काल सगळे काम पूर्ण झाले. मामींच्या ओळीला मी मान दिला, याबद्दल रागावू नये.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी आत बसलो आणि दार ओढून घेतले. दार आता एकच मऊ आवाज करून बसते, आणि त्यानंतर काहीच नाही. समोरच्या दुकानात दोघे पत्रा ठोकत होते. त्यांचे हातोडे वर जाताना, खाली येताना दिसत होते, पण आवाज कुठल्यातरी दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता. रस्त्यावरची माणसे पाण्याखालून चालल्यासारखी चालत होती. एसीची झुळूक गालावर आली. सीट तुमच्या मापाची असल्यामुळे माझे पाय पेडलपर्यंत नीट पुरत नव्हते, तरी पाठ कोणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखी वाटली. मग उस्तादांनी काचेवर टकटक केली, तेव्हा मला वाटले सकाळ झाली.

डावीकडे तूर्त जुनीच फळी ठेवली आहे. तिथे कोणी बसत नाही आणि फोमही संपला होता.

गाडी ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. खरे तर मी स्वतः घेऊन यायला हवे होते. उस्तादांनी विचारलेही. मी हातात काम आहे असे सांगितले. काम होते, पण ते दुसऱ्या दिवशी केले असते तरी चालले असते.

इंजिन आता कमी ऐकू येईल, म्हणून सुरुवातीला सावकाश चालवावी. एसीचे बटण एकावर ठेवावे. काही कुरकुर झाल्यास ताबडतोब कळवावे.

आपल्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
भाचा


२ डिसेंबर

चि. मास्तर यास,
माझ्याकडून आशीर्वाद आणि पाठीकडून वेगळा आशीर्वाद.

काय करून ठेवलंस रे हे. दार उघडलं तेव्हा चिडलो होतो, माझी म्हातारी कुणी पळवली म्हणून. मग बसलो आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

काल रोपं भरून निघालो. घाटात धुकं होतं. काच वर, एसी तू म्हणालास तसा एकावर. रस्ता दिसत होता पण लागत नव्हता. खड्डा यायचा आणि जायचा, दुसऱ्याच कुणाची तरी भानगड असल्यासारखा. स्टेअरिंग एका बोटावर वळतं. तुझ्या त्या कॅमेऱ्यात हौद्यातली रोपं डोलताना दिसत होती, जणू एक छोटी बाग माझ्या मागे धावत येते आहे, थांब थांब म्हणत. मग धुकं वाढलं आणि रस्त्याचं पाणी झालं. म्हातारी तरंगायला लागली. कडेला माझी आई उभी होती, ती पूर्वी शेताच्या टोकाला उभी राहायची तशी, डोळ्यांवर हाताची सावली धरून. मी हॉर्न दिला, पण त्याचाही आवाज झाला नाही. तिला तो ऐकू आला असावा, कारण ती हसली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

एक-दोन कुंड्या फुटल्या, त्याचं काही नाही. कंबर दिवसभरात एकदाही बोलली नाही.

उस्तादांना माझा नमस्कार सांग. तू चिंता करायचा थांब, म्हणजे मला बरं वाटेल.

तुझा मामा


३ डिसेंबर

चि. भाच्यास,
आशीर्वाद. हे त्यांना न सांगता लिहिते आहे, म्हणून अक्षर घाईचं. लावून वाच.

कालचं पत्र त्यांनी मला मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. सासूबाईंना जाऊन कित्येक वर्षं झाली, आणि त्या म्हणे कडेला उभ्या होत्या. बाळा, ते चालवता चालवता झोपले होते. मोठ्या वळणाच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून मातीच्या बांधाला जाऊन टेकली. दूधवाल्याने पाहिलं. इंजिन चालू, एसी चालू, आणि हे स्टेअरिंगवर गाल टेकून लहान मुलासारखे निजलेले. तो म्हणाला, उठवायचं जिवावर आलं. बांध डोंगराच्या अंगाला आहे म्हणून निभावलं. दुसऱ्या अंगाला बांध नाही, दरी आहे. अर्धी रोपं आडवी झाली, आणि हे म्हणतात एक-दोन कुंड्या.

तुझा यात दोष नाही. पूर्वी फळी टोचायची, इंजिन ओरडायचं, दार उघडायचं. त्या त्रासावरच ते जागे राहायचे. आता वय झालं. समोर ताट असतं आणि यांची मान खाली जाते. तू त्यांना आराम दिलास, आणि आराम मिळाला की त्यांना झोप येते.

मी बोलायला गेले तर म्हणतात, विचार करत होतो. आता काय करायचं ते तूच सांग.

तुझी मामी


६ डिसेंबर

ती. मामा,
नमस्कार.

मामींनी मला सर्व कळवले आहे. त्यांच्यावर रागावू नये. रागवायचेच तर मी आहे.

पुढच्या शनिवारी पान्हे घेऊन येतो. आधी नमदा काढतो, मग एसी. सीटचे काय करावे ते मला कळत नाही. फळी परत ठेवली तर तुमची कंबर जाईल, आणि नाही ठेवली तर तुम्ही. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिले, तरी तेच आले. तसेच राहू देतो.

मी तुमचा गुडघा मोजून घेतला, मान मोजून घेतली, कमरेचा खळगा मोजून घेतला. तुम्ही दमला आहात, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पाठीची काळजी करताना डोळ्यांचा विचार करायला हवा होता. उस्ताद म्हणतात, एवढे मनाला लावून घेऊ नकोस, काम उत्तम झाले आहे. काम उत्तम झाले, तीच तर अडचण आहे.

तोवर कृपा करून गाडी बाहेर काढू नये. किल्ली मामींकडे द्यावी.

आपला,
भाचा


१० डिसेंबर

चि. मास्तर यास,
आशीर्वाद, आणि आधी शांत बस.

किल्ली मामीने तुझं पत्र यायच्या आधीच पिठाच्या डब्यात दडवली. तिला वाटतं मला माहीत नाही. मी शोधायला गेलो नाही, यावरून काय ते समज. मलाही कळलं होतं रे. आईला जाऊन किती वर्षं झाली, ती घाटात कशाला येईल? पण इतकं छान दिसलं, की ते झोपेतलं होतं असं स्वतःलाच सांगवेना.

एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. आयुष्यभर हाडं खिळखिळी करून घेतली, आता कुठे पाठीला गादी मिळाली, तर तू ती उचलून नेणार? गाडी झकास झाली आहे. जुना झालाय तो ड्रायव्हर.

तुला लिहिलं नव्हतं, आता लिहितो. खालच्या मळ्यातला एकजण गाडी आणि रोपवाटिका दोन्ही मागतो आहे. या महिन्यात उत्तर हवं म्हणतो. हो म्हणायला जीभ उचलत नाही, आणि नाही म्हणायचं तर रोपं बाजारात न्यायची कुणी? पगारी ड्रायव्हर ठेवावा इतका आपला व्याप नाही.

तेव्हा शनिवारी ये, पण पान्हे काढण्यासाठी आणू नकोस, बसवण्यासाठी आण. डावीकडची सीट माझ्या मापाने करून आण. उजवीकडची तुझ्या पायांना पुरेल इतकी पुढे सरकते का, तेही बघ. मी तुला चालव म्हणत नाही. मला डावीकडे सीट हवी आहे, एवढंच म्हणतो.

तुझा मामा


१७ डिसेंबर

ती. मामींस,
नमस्कार. घरी मामांसमोर बोलता आले नाही, म्हणून इथे परत आल्यावर लिहितो.

शनिवारी डावी सीट बसवली तोवर मी काहीच ठरवले नव्हते. रविवारी सकाळी तुम्ही पिठाने पांढरी झालेली किल्ली माझ्या हातावर ठेवलीत, तेव्हाही नव्हते. मामा आधीच डावीकडे जाऊन बसले होते. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, मी झोपतो, बाजार आला की उठव. पहिले वळण यायच्या आतच त्यांचा श्वास लांब झाला.

माझी कल्पना होती, की ते शेजारी बसून सांगत राहतील, आता गिअर, आता ब्रेक. ते झोपल्यावर मी अगदी एकटा पडलो. तळवे ओले झाले. ते विजारीला पुसायचे तरी एक हात सोडावा लागणार, म्हणून तसेच राहू दिले. पण शेजारी माणूस झोपलेला असला, की त्याला धक्का लागू नये एवढेच मनात राहते. त्यांची मान कलली की मी वळण आणखी सावकाश घेत होतो. भीती होतीच, पण तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

धुके होते. गाडी ज्या बांधाला टेकली होती तिथे चाकाची खूण अजून आहे. फुटलेल्या कुंडीतले एक रोप तिथेच मातीत उभे आहे, कोणीतरी मुद्दाम लावल्यासारखे. मी पाहिले आणि पुढे गेलो. मोठ्या पुलावर एकदम ऊन आले. खालची शेते, घरे, रस्ता, सगळे इतके स्वच्छ आणि निःशब्द होते, की आपण चाललो आहोत की ते सगळे आपल्याकडे येते आहे, हे मला थोडा वेळ कळेना.

मामा एकदाही जागे झाले नाहीत. त्यांनी माझ्यावर इतका विश्वास टाकला, की आता येत्या रविवारी येत नाही असे मला म्हणता येणार नाही. हे त्यांना कळू देऊ नये.

आपला,
भाचा


१९ डिसेंबर

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

मामीने तुझं पत्र मला दाखवलं नाही. वाचून दाखवलं. दोन्हींत फरक आहे म्हणते.

तर ऐक. घाटात मी झोपलो नव्हतो. टोपीखाली डोळे मिटून सगळी वळणं मनात घेत होतो. तिसरा गिअर तू लवकर टाकतोस. पण डोळे उघडले असते तर तोंडही उघडलं असतं, आणि तोंड उघडलं असतं तर तू गाडी तिथेच ठेवून पायी घरी गेला असतास. पाय मात्र माझं ऐकत नव्हता. डावीकडे नसलेला ब्रेक दाबून दाबून पोटरी अजून दुखते आहे. त्यासाठी काही बसवू नकोस.

मळ्यातल्या माणसाला नाही म्हणून कळवलं.

आता पुलाचं. तू लिहितोस ते ऊन मला माहीत नाही. पूल आला हे चाकांच्या आवाजावरून कळलं, आणि मनात आलं, आता हा दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाईल. त्यापुढचं काही आठवत नाही. तू हाक मारलीस तेव्हा बाजार आला होता. मधला रस्ता कसा होता, कोण भेटलं, शेतांत काय उभं आहे, हे आता तुलाच ठाऊक. रविवारी आलास की सगळं सांग. चढताना सांग, उतरताना मी झोपेन.

तुझा मामा